चोवीस मापं

कागलच्या अलीकडं हायवेवर टायमिंग बेल्ट तुटला आणि इंजिन क्षणात गप्प झालं. बेल्ट बदलायची मुदत आधीच्या मालकाकडंच उलटून गेली होती. गाडी घेताना मी ते विचारलं नव्हतं. गाडी 2005 ची ऑक्टाव्हिया आरएस, 1781 सीसीचं टर्बो इंजिन, कारखान्यातून निघताना 150 अश्वशक्तीचं. या इंजिनात बेल्ट तुटला की उघडे राहिलेले वॉल्व्ह आणि वर येणारे पिस्टन एकमेकांवर आदळतात. एका सिलिंडरला पाच वॉल्व्ह, म्हणजे एकूण वीस.

ही गाडी ट्रॅकसाठी तयार करायची, ताकद दुप्पट करायची, हे मी आधीच ठरवलं होतं. आता प्रश्न आला की कुठल्या इंजिनावर? जो तो म्हणाला, मोडकं सोड, दुसरं आण. म्हणून कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या बोअरिंगवाल्या मामांना घेऊन मी इंजिन बघत फिरलो.

पहिलं भंगारवाल्याकडं होतं. धुऊन, चंदेरी रंग मारून ठेवलेलं. मामांनी रंगाकडं बघितलंसुद्धा नाही. ऑइल ओतायचं झाकण काढून त्याच्या आतल्या बाजूनं बोट फिरवलं. बोटाला काळा, घट्ट साका लागला. "चेंबर उतरव," म्हणाले. खालचं चेंबर उतरवल्यावर ऑइल ओढणारी जाळी दिसली, निम्मी बुजलेली. साध्या इंजिनाचं यावर काही दिवस भागेल, टर्बोचं नाही. टर्बोची दांडी मिनिटाला लाखाहून अधिक फेरे घेते आणि तिला धरून ठेवणारा असतो तो ऑइलचा पातळ थर. तापलेलं इंजिन लगेच बंद करायची सवय असेल, तर तिथलं ऑइल जागीच जळून कोळसा होतं. त्या जाळीत कुणाच्या तरी कितीतरी वर्षांच्या सवयी अडकल्या होत्या.

दुसरं इंजिन मागून ठोकर बसलेल्या गाडीत होतं आणि चालू होत होतं. चालू इंजिन तपासणं सोपं. ते गरम केलं, चारही प्लग काढले, थ्रॉटल पूर्ण उघडा ठेवून कॉम्प्रेशन घेतलं. 165, 160, 165 आणि चौथ्याला 120. मामांनी चौथ्या सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल सोडलं आणि पुन्हा स्टार्टर मारायला लावला. काटा 150 वर गेला. ऑइलनं काटा चढला म्हणजे हवा रिंगांकडून खाली जातेय. नुसता वॉल्व्ह गळत असता तर काटा जागचा फारसा हलला नसता. आवाज मात्र गोड होता त्या इंजिनाचा, आणि मी त्या आवाजालाच भुललो असतो.

परत येताना मामांनी विचारलं, "तीनशे घोडं पायजे म्हणतोस. मग आतलं काय काय टाकून देणार?"

"पिस्टन आणि कनेक्टिंग रॉड. दोन्ही घडीव घालायचे."

"वॉल्व्ह?"

"तेही नवीन."

"मग बेल्टानं जे मोडलंय, तेच तू टाकणार हाईस की."

मी गप्प झालो. या इंजिनाचे मूळचे रॉड त्याच्या मूळच्या ताकदीला पुरेसे आहेत. पण कमी फेऱ्यांवर टर्बोचा दाब फार वाढवला की ते वाकतात, म्हणून तीनशेसाठी ते जाणारच. उरतो बिडाचा ब्लॉक, क्रँक आणि हेड. तेवढं खरं निघालं पाहिजे. शिवाय ब्लॉक तोच राहिला तर आरसी बुकातला इंजिन नंबरही तोच राहतो.

दुसऱ्या दिवशी माझंच इंजिन स्टँडवर चढलं. हेड उतरलं तेव्हा वीसपैकी चौदा वॉल्व्ह वाकलेले आणि चारही पिस्टनच्या माथ्यावर चंद्रकोरीसारखे वण. पण एकाही वॉल्व्हचं डोकं तुटून आत पडलं नव्हतं. पडलं असतं तर ब्लॉकची आशा तिथंच सोडावी लागली असती. पिस्टन काढून सिलिंडर रॉकेलनं धुतले, कोरडे केले. मामांनी मायक्रोमीटर 81.01 ला लावला, त्यावर बोअर गेजचा शून्य धरला आणि मला वही घ्यायला सांगितली. प्रत्येक सिलिंडर वर, मध्ये आणि खाली मापायचा, आणि प्रत्येक ठिकाणी क्रँकच्या रेषेत एकदा, आडवं एकदा. चार सिलिंडरची चोवीस मापं.

"पॉइंट झिरो वन. पॉइंट झिरो वन. झिरो टू."

तिसऱ्या सिलिंडरात वरच्या बाजूला एक रेघ दिसत होती. मामांनी टॉर्च धरला, नख आडवं फिरवलं. नख अडकलं नाही. चोवीसही मापं संपली तेव्हा सगळ्यात जास्त झीज पॉइंट झिरो थ्री होती, आणि कारखान्याची मर्यादा पॉइंट झिरो एट. होनिंगच्या तिरप्या रेघा अजून शाबूत होत्या. माझ्या आधी कुणीतरी या इंजिनात ऑइल वेळेवर बदललं होतं. बेल्टच्या बाबतीत चुकलेला माणूस ऑइलच्या बाबतीत काटेकोर होता, आणि त्या अनोळखी माणसाबद्दल माझा राग तिथं पुष्कळसा निवळला.

क्रँकचे जर्नल गोल निघाले. हेडवर पट्टी धरून फीलर गेज सारलं, तर पॉइंट वनची पाती कुठंच शिरली नाही.

मी पिस्टनची ऑर्डर आणि बोअरचं काम एकदमच उरकू म्हणालो. मामांनी मान हलवली. "आधी पिस्टन आण. त्ये हातात घेऊन मापतो, मग तेवढंच होनिंग. डब्यावरचं माप बघून मी बिडाला हात लावणार न्हाई."

मग त्यांनी चारही सिलिंडरना बोटांनी ऑइल चोळलं, वर जुनं धोतर झाकलं आणि ब्लॉकच्या कडेला खडूनं माझं आडनाव लिहिलं.