दप्तरांच्या याद्या व एस्क्यूएलमधील नोंदविधि

गेल्या कांहीं वर्षांत अनेक संग्राहकांनीं आपापल्या रुमालांच्या याद्या वहींतून संगणकावर उतरविण्यास आरंभ केला आहे. हें काम स्तुत्य आहे यांत शंका नाहीं. परंतु अशा दोन-तीन याद्या तपासण्याचा योग आम्हांस आला, तेव्हां असें दिसून आलें कीं, मोडी वाचण्यांत ज्यांची नजर पक्की, त्यांच्याच हातून नोंद घालतांना ढिलाई होते. वाचन हें विद्वत्तेचें काम व नोंद हें कारकुनी काम, ही समजूत याच्या मुळाशीं आहे. ती किती महाग पडते याचा अनुभव आम्हीं स्वतः घेतला असल्यामुळें तो आधीं सांगतों.

एका घराण्याचें लहानसें दप्तर आम्हांस पाहावयास मिळालें होतें. कागद सुमारें चारशें. आम्हीं व आमच्या एका सहकाऱ्यानें मिळून त्यांची यादी यंत्रांत भरली व दप्तर धन्याकडे परत गेलें. पुढें एका पावसाळ्यांत माळ्यावर पाणी गळून निम्म्याहून अधिक कागदांचा लगदा झाला. त्या कागदांपुरता यादी हाच काय तो पुरावा उरला. ती काढून पाहतों तों एका रुमालाच्या एकसष्ट ओळींत कांहीं ठिकाणीं पत्र पाठविणारा व घेणारा यांची अदलाबदल झालेली! काम अर्धें झाल्यावर आम्हीं कोष्टक नव्यानें बांधून रकान्यांचा क्रम बदलला होता. एकानें नव्या क्रमानें ओळी भरल्या, दुसऱ्यानें सवयीनें जुन्याच क्रमानें. कोणती ओळ कोणी भरली याची नोंद नाहीं. यंत्रानें तक्रार केली नाहीं, कारण दोन्ही रकान्यांत माणसांचीं नांवेंच यावयाचीं होतीं. कोणतें कोठें, हें त्यास काय कळणार?

ज्या भाषेंत या नोंदी घालतात तिचा पूर्ववृत्तान्त थोडक्यांत असा. इ. स. १९७० मध्यें आय. बी. एम. कंपनीच्या सॅन होझे येथील प्रयोगशाळेंतील एडगर कॉड यांनीं, मोठमोठ्या नोंदसंग्रहांची मांडणी कोष्टकरूपानें करावी, असा निबंध प्रसिद्ध केला. १९७४ त त्याच कंपनींतील डोनाल्ड चेंबरलिन व रेमंड बॉइस यांनीं अशा कोष्टकांना प्रश्न विचारण्याची भाषा रचली. तिचें पहिलें नांव सीक्वेल. तें पुढें आखडून एस्क्यूएल झालें. १९८६ त अमेरिकेंत व १९८७ त आंतरराष्ट्रीय संस्थेकडून तिचें प्रमाण रूप ठरलें. कोष्टकांतील प्रत्येक ओळ म्हणजे एक विधान होय. "अमक्या रुमालांतील अमक्या क्रमांकाचें पत्र अमक्यानें अमक्यास लिहिलें" असें प्रतिज्ञेवर सांगण्याइतकेंच ओळ घालण्यास महत्त्व आहे.

ओळ घालण्याची आज्ञा पुढीलप्रमाणें असते. नमुना अर्थात् कल्पित आहे.

इन्सर्ट इंटू पत्रें (क्रमांक, रुमाल, कोणाचें, कोणास, मूळ_मिती)
व्हॅल्यूज (२१२, ७, 'बाबूराव', 'त्रिंबकराव', 'छ २३ रजब');

"इन्सर्ट इंटू" म्हणजे "यांत घाल"; त्यापुढें कोष्टकाचें नांव. पहिल्या कंसांत रकाने, "व्हॅल्यूज" या शब्दानंतरच्या कंसांत त्याच क्रमानें त्यांत भरावयाच्या गोष्टी. मजकूर एकेरी अवतरणांत, संख्या उघडी. मजकुरांतच एकेरी अवतरण आलें तर तें दोनदां लिहावें. आज्ञेचे शब्द यंत्रास रोमन लिपींतच द्यावे लागतात; येथें केवळ छपाईसाठीं ते देवनागरींत दिले आहेत. रकान्यांचीं नांवें मात्र बहुतेक प्रणालींत देवनागरी चालतात. एका "व्हॅल्यूज"पुढें स्वल्पविराम देऊन अनेक कंस मांडले तर अनेक ओळी एकदम जातात, आणि "व्हॅल्यूज"च्या जागीं "सिलेक्ट"ची आज्ञा दिल्यास एका कोष्टकांतून निवडलेल्या ओळी दुसऱ्यांत पडतात.

आतां यांतील पहिला कंस गाळला तरी आज्ञा चालते. मग यंत्र कोष्टक बांधतांना जो क्रम ठरला त्या क्रमानें मूल्यें रकान्यांत टाकीत जातें. हीच ती सोय, जिनें आमचा घात केला. रकान्यांचीं नांवें प्रत्येक वेळीं लिहिण्याचा कंटाळा करूं नये. नांवें लिहिलीं असतीं तर कोष्टकाचा क्रम कितीही बदलला तरी "कोणास" या रकान्यांत "कोणास" हेंच गेलें असतें. दुसरें, प्रत्येक ओळींत "कोणी भरली" व "केव्हां भरली" असे दोन रकाने असावेत. त्यांपैकीं दुसऱ्यास "डिफॉल्ट" म्हणून चालू वेळ नेमून ठेवली म्हणजे तो यंत्र स्वतःच भरतें.

आंकड्यांविषयीं एक सूचना, जी छापील मार्गदर्शकांत सहसा आढळत नाहीं. देवनागरी अंक यंत्रास संख्या म्हणून कळत नाहींत. 'सन ११६१' असा मजकूर अवतरणांत खुशाल घालावा, पण ज्या रकान्यावर गणित करावयाचें अथवा क्रम लावावयाचा तेथें इंग्रजी आंकडे द्यावेत. नाहींतर '१०' हें '९'च्या आधीं येऊन बसेल. एसक्यूलाइट ही लहान संग्रहांस सोयीची प्रणाली तर अंकांच्या रकान्यांत 'बहुधा ७' असा मजकूरही मुकाट्यानें ठेवून घेते. कोष्टक बांधतांना तें "स्ट्रिक्ट" असल्याचें लिहिलें तरच ती अडविते.

परंतु खरी कसोटी मितीच्या रकान्यांत लागते. आमच्या कागदांवर सन कोणता, हाच पहिला वाद. पानिपतचें युद्ध शके १६८२ पौष शुद्ध ८ रोजीं, म्हणजे १४ जानेवारी १७६१ रोजीं झालें. त्या दिवशीं सुहूर सन ११६१ (इहिदे सितैन मया व अलफ), दक्षिणेंतील फसली ११७० आणि हिजरी ११७४ असे तीन सन चालू होते. ज्या कोष्टकांत नुसता "सन" असा एकच रकाना आहे, त्यांत या चारांपैकीं कोणताही आंकडा निमूटपणें जाऊन बसतो, आणि पुढें क्रम लावला कीं एकाच आठवड्यांतलीं पत्रें तेरा वर्षांच्या अंतरानें दिसूं लागतात. शक धरल्यास अंतर शतकांचें होतें.

इंग्रजी तारीखही निर्धोक नाहीं. राज्याभिषेकाची ज्येष्ठ शुद्ध १३ शके १५९६ ही मिती ६ जून १६७४ म्हणून सर्वांस पाठ आहे. पण ही तारीख जुन्या ज्युलियन पंचांगाची आहे, कारण इंग्रजांनीं आपलें पंचांग सप्टेंबर १७५२ पर्यंत बदललें नव्हतें. पोर्तुगालनें तें १५८२ तच बदललें. यंत्राचा "डेट" जातीचा रकाना ग्रेगोरियन गणनाच जाणतो, व तिच्याप्रमाणें तो दिवस १६ जून होय. वखारकरांच्या पत्राची तारीख तशीच्या तशी भरून तें व एखादें पोर्तुगीज पत्र यांतील अंतर यंत्रास विचारलें, तर उत्तर दहा दिवसांनीं चुकेल, आणि कोणतें पत्र आधींचें यावरच सारा तर्क उभा असेल तर तो कोसळेल. म्हणून आमचा आग्रह असा आहे कीं, मितीचे रकाने निदान तीन असावेत: कागदावर जशी आहे तशी, एका अक्षराचाही फरक न करतां, तीवरून काढलेली ग्रेगोरियन तारीख, आणि ती कोणत्या आधारानें काढली तें. पहिला रकाना एकदां भरल्यावर त्यास हात लावूं नये.

पत्रावर नुसता चंद्र व महिना असून साल नाहीं, हा तर नित्याचाच प्रकार. तेथें साल तर्कानें घालण्याचा मोह होतो. छापील पुस्तकांत संपादक असें साल कंसांत देतात व वाचकास तें कळतें. यंत्राच्या रकान्यांत कंस टिकत नाहीं, तर्क व पुरावा एकाच रंगाचे होतात. अशा जागीं "नल" हा शब्द, अवतरणें न देतां, लिहावा. नल म्हणजे शून्य नव्हे, कोरा मजकूरही नव्हे. "येथील मूल्य ठाऊक नाहीं" असा त्याचा अर्थ. त्याची एक खोड लक्षांत ठेवली पाहिजे. नल कशाच्याही बरोबर नाहीं, दुसऱ्या नलाच्याही नाहीं. "सुहूर ११६१ चीं नसलेलीं पत्रें दाखव" असें विचारल्यास बिनसालाचीं पत्रें त्या उत्तरांत येत नाहींत, व संशोधक समजतो कीं सर्व कागद पाहून झाले. तीं "इज नल" असें स्वतंत्र विचारून काढावीं लागतात. तर्काचें साल द्यावयाचेंच असेल तर त्याला वेगळा रकाना द्यावा.

नांवांचा घोळ निराळाच. 'गोविंदपंत', 'गोविंद पंत' व 'गोविन्दपंत' हे यंत्राच्या लेखीं तीन गृहस्थ. यासाठीं माणसांचें कोष्टक वेगळें करून प्रत्येकास क्रमांक द्यावा आणि पत्रांच्या कोष्टकांत तो क्रमांक "फॉरेन की" म्हणून घालावा. मग माणसांच्या यादींत नसलेला क्रमांक घालूं गेल्यास यंत्र ओळ परत करतें. एसक्यूलाइटमध्यें हें बंधन एरवीं बंद असतें, तें प्रत्येक जोडणीच्या वेळीं चालू करावें. मात्र एकाच नांवाचीं दोन माणसें एक समजून जोडण्याची घाई करूं नये. दोन क्रमांक पुढें एक करतां येतात. एक झालेले वेगळे करणें फार कठीण.

एक रुमाल भरतांना मध्येंच वीज गेली तर किती ओळी गेल्या हें कळत नाहीं, आणि पुन्हां भरावयास घेतल्यास कांहीं दुहेरी होतात. यावर उपाय म्हणजे आरंभीं "बिगिन" व शेवटीं "कमिट" म्हणणें. कमिट होईपर्यंत कांहींच पक्कें नसतें. मध्यें घात झाला तर सारा रुमाल जणूं भरलाच नव्हता. चूक आपल्याच लक्षांत आली तर "रोलबॅक" म्हणावें. कमिट म्हणण्यापूर्वीं ओळी मोजून रुमालांतील कागदांशीं ताडून पाहण्याची आम्ही आतां सवय ठेवली आहे.

त्या एकसष्ट ओळींचें पुढें काय झालें, हें सांगितलें पाहिजे. चोवीस पत्रांचे कागद सुदैवानें शाबूत होते. ते पुन्हां पाहून रकाने दुरुस्त केले. एकतीस पत्रांचा सारांश आम्हीं यादींत उतरला होता, त्यांतील मायना व आज्ञार्थ-विनंत्यर्थ पाहून कोण कोणास लिहितो हें ठरवितां आलें. सहा राहिलीं. त्यांच्या "कोणाचें" व "कोणास" या दोन्ही रकान्यांत आज नल आहे, आणि दोन्ही नांवें शेऱ्याच्या रकान्यांत, क्रम अनिश्चित असें लिहून, ठेविलीं आहेत.