पारशी दिवाणखान्याचा चित्रकार

बेल्जियन चित्रकार आल्फ्रेड स्टीव्हन्स यांनी एकोणिसाव्या शतकात पॅरिसच्या उच्चभ्रू स्त्रियांना सजलेल्या दालनांत चितारले. मुंबईत या विषयाच्या सर्वांत जवळ गेले ते पेस्तनजी बोमनजी (१८५१-१९३८).

सर जे. जे. कलाशाळेत शिकलेल्या बोमनजींनी जॉन ग्रिफिथ्स यांच्या मार्गदर्शनाखाली अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या प्रतिकृती केल्या. पुढे मात्र ते पारशी घरांकडे वळले. पोपटाला भरवणारी तरुणी हे त्यांचे गाजलेले तैलचित्र. वस्त्रांचा पोत आणि घरातील छायाप्रकाश ही त्यांची बलस्थाने.

राजा रवि वर्मा यांनी १८९४ मध्ये मुंबईत छापखाना काढला आणि त्यांच्या देवदेवता घरोघरी पोहोचल्या. बोमनजींच्या चित्रांना असा प्रसार लाभला नाही. एका समाजाचे घरगुती जीवन जपणारा हा चित्रकार त्यामुळे सामान्य रसिकांना अपरिचितच राहिला.