हीटरच्या पाइपची गळती : नुसती क्लिप आवळून भागत नाही

महाराष्ट्रातील ट्रकचालकाला हीटरची आठवण वर्षातून फार तर दोन महिने होते. नागपूरची संत्री किंवा लासलगावचा कांदा भरून गाडी डिसेंबर-जानेवारीत उत्तरेकडे निघाली, पंजाब ओलांडून बनिहालच्या चढणीला लागली, की केबिनमधला तो दुर्लक्षित खटका सुरू केला जातो. नेमके तेव्हाच हीटरकडे जाणाऱ्या रबरी पाइपचा जोड ठिबकत असल्याचे लक्षात येते. मग कोणीतरी स्क्रू ड्रायव्हर काढतो, क्लिपला दोन पीळ देतो आणि गाडी पुढे निघते.

हीटर गळाला तर फार तर थंडी वाजेल, इंजिनला काय त्याचे, असा समज येथे घात करतो. ट्रकच्या हीटरला स्वतःची आग नसते. तो केबिनमध्ये बसवलेला एक छोटा रेडिएटर असतो. इंजिनात तापलेले कूलंट एका पाइपमधून त्याच्याकडे येते आणि दुसऱ्या पाइपने वॉटर पंपाकडे परत जाते. पंख्याची हवा त्यावरून गेली, की ऊब मिळते. म्हणजे हीटरच्या जोडातून जे गळते, ते इंजिनचेच पाणी असते. ऑक्टोबर २०२५ पासून तयार होणाऱ्या मोठ्या मालमोटारींना वातानुकूलित केबिन सक्तीची झाली आहे. पण थंडीतली ऊब सहसा याच जुन्या वाटेने येते. अनेक गाड्यांमध्ये तर पंखा बंद असला, तरी कूलंट या पाइपांतून फिरतच असते. वापर दोन महिन्यांचा असला, तरी झीज बाराही महिन्यांची असते.

ही गळती सहजासहजी दिसत नाही. चालत्या इंजिनचे कूलंट साधारण ८० ते ९५ अंश सेल्सिअस तापमानाला आणि दाबाखाली असते. कसारा किंवा बोरघाट भरल्या गाडीने चढताना हा दाब वाढतो, थेंब बाहेर पडतो आणि तापलेल्या लोखंडावर लगेच वाळून जातो. गाडीखाली डबके साचत नाही. जोडाभोवती पांढरट, हिरवट किंवा गुलाबी पापुद्रा मात्र धरतो. तो दिसला, की गळती जुनी आहे, असे समजावे. केबिनमध्ये गोडसर वास येत असेल आणि काच आतून चिकट धुक्याने भरत असेल, तर दोष जोडाचा नसून बहुधा हीटरच्या जाळीचा असतो. ते काम वेगळे आणि मोठे आहे.

क्लिप आवळून का भागत नाही? रबर वर्षानुवर्षे दाबले गेले, की त्याचा लवचीकपणा जातो आणि ते दाबलेल्या आकारातच राहते. थंडीत रबर व धातू सारखे आकुंचन पावत नाहीत. त्यामुळे रात्रभर उभ्या असलेल्या गाडीचा जोड पहाटे ठिबकतो आणि इंजिन तापल्यावर आपोआप थांबतो. अशा पाइपवर क्लिप जास्त आवळली, तर तिची पट्टी रबर कापते. पाइप बाहेरून धडधाकट दिसला, तरी टोकाजवळ आतून चिरलेला असू शकतो. इंजिन थंड असताना टोकापासून दोन इंचांवर आणि मग मधोमध बोटांनी दाबून पाहावे. टोक मऊ, पोकळ लागले, की पाइप बदलावा.

काम गाडी पूर्ण थंड झाल्यावरच करावे. गरम रेडिएटरचे झाकण उघडणे म्हणजे दाब अचानक काढून घेणे. तसे होताच आतले कूलंट उकळून तोंडावर उसळते. प्रथम कूलंट स्वच्छ भांड्यात उतरवून घ्यावे. चिकटलेला पाइप पिरगाळून ओढण्याचा मोह टाळावा. हीटरची नळी पातळ पितळेची किंवा अॅल्युमिनियमची असते आणि ती जाळीपासून फाटली, तर किरकोळ दुरुस्तीचे मोठे काम होते. त्यापेक्षा पाइपचे टोक ब्लेडने उभे चिरून सोलून काढावे.

खरे दुखणे पुष्कळदा उघड्या पडलेल्या निपलवर दिसते. गंज आणि क्षारांचे थर चढलेले असतात, आणि नवा पाइपही त्यांवर नीट बसत नाही. पॉलिश पेपरने ते गुळगुळीत करावे. खोल खड्डे पडले असतील, तर निपलच बदलावे. पाइप चांगला आणि पुरेसा लांब असेल, तर खराब टोक इंचभर कापून तोच पुन्हा चालतो. चढवताना ग्रीस किंवा तेल लावू नये, थोडे कूलंट पुरते. क्लिप निपलच्या उंचवट्याच्या मागे बसली पाहिजे, उंचवट्यावर नव्हे.

गंज चढतो तो बहुतेक साध्या पाण्याने. ढाब्यावरच्या बोअरवेलचे पाणी ओतत राहिले, की क्षार वाढतात, कूलंटमधील गंजरोधक द्रव्य विरळ होते आणि डिझेल इंजिनच्या लायनरलाही बारीक खड्डे पडू लागतात. शिवाय उणे तापमानात साधे पाणी गोठते, ते वेगळेच. कूलंट व क्षारमुक्त पाणी निम्मे-निम्मे असेल, तर उणे ३५ अंशांच्या आसपासही ते टिकते. सांडलेले कूलंट लगेच धुऊन टाकावे. चवीला गोड असल्याने कुत्री ते चाटतात आणि ते विषारी असते.

पाइप वाटेतच फुटला आणि दुकान दूर असेल, तर इंजिनच्या दोन्ही निपलना एकच तुकडा जोडून हीटर वगळता येतो. केबिन गार राहते, गाडी चालते. मात्र तापमानाच्या काट्यावर डोळे झाकून विसंबू नये. पाणी सेन्सरच्या खाली गेले, तर इंजिन तापत असूनही काटा खालीच राहू शकतो, आणि मग हेड गॅसकेट जाते.

कूलंट भरल्यावर हीटर पूर्ण गरमवर ठेवून इंजिन चालवावे, म्हणजे अडकलेली हवा निघते. गाडी तापून पुन्हा थंड झाली, की क्लिप एकदा तपासावी आणि पातळी पाहावी. दुसऱ्या दिवशी पहाटे, स्टार्टर मारण्यापूर्वी, जोडाला कोरडे बोट लावून बघावे.