बारा व्होल्टांचा वारा

डेस्कटॉपच्या कॅबिनेटमध्ये पाठीमागे फिरणारा १२० मिलिमीटरचा पंखा हा सगळ्या यंत्रातला बहुधा सर्वांत स्वस्त भाग. तो बंद पडला तर मात्र हजारो रुपयांचा प्रोसेसर आपला वेग आपणच कमी करतो आणि काम रेंगाळतं. १९८१ साली आलेल्या आयबीएम पीसीत पंखा होता तो एसएमपीएसमध्ये, म्हणजे वीजपुरवठ्याच्या डब्यात. प्रोसेसर उघडाच बसलेला असे. ४८६ प्रोसेसरच्या जमान्यात त्याच्यावर हीटसिंक आणि छोटा पंखा चढला. आज एकटं ग्राफिक्स कार्डच ३०० वॅटच्या पुढे जाऊ शकतं, आणि ती सगळी वीज शेवटी उष्णता होऊन त्याच पत्र्याच्या डब्यात सुटते.

पंखा हवा गार करत नाही, तापलेली हवा हलवतो. म्हणून नागपूरच्या मे महिन्यात खोलीत ४० अंश असतील, तर कितीही पंखे लावा, प्रोसेसर त्याच्या खाली येणार नाही. जादा पंखा खोलीचं आणि कॅबिनेटच्या आतलं तापमान यांतला फरक तेवढा कमी करतो. तो घेण्याआधी एक परीक्षा जरूर करावी: कॅबिनेटचं बाजूचं झाकण काढून नेहमीचं जड काम चालवावं. तापमान चांगलंच उतरलं तर हवेची वाट अडली आहे. जैसे थे राहिलं तर दोष हीटसिंकच्या धुळीत किंवा सुकलेल्या थर्मल पेस्टमध्ये शोधावा.

हवा पुढून आत यावी, मागून आणि वरून बाहेर जावी. पंख्याच्या ज्या बाजूला मोटार धरणाऱ्या दांड्या दिसतात, त्या बाजूने हवा बाहेर पडते. बाहेर जाते त्यापेक्षा आत येणारी हवा किंचित जास्त असली, तर धूळ फटींतून न शिरता पुढच्या जाळीत अडकते. माझ्या मते पुढे दोन आणि मागे एक एवढे पंखे बहुतेक घरांना पुरेत. पुढचे पैसे रोषणाईचे.

खरी गंमत वायरींत आहे. तीन पिनांच्या पंख्यात एक ग्राउंड, एक १२ व्होल्ट, आणि तिसरी वायर दर फेरीला दोन ठोके देऊन वेग कळवते. याचा वेग कमी करायचा तर व्होल्टेजच उतरवावं लागतं. चार पिनांच्या पंख्यात १२ व्होल्ट कायम असतात आणि चौथ्या वायरीवरून सेकंदाला २५,००० वेळा चालू-बंद असा इशारा येतो. हा आकडा मुद्दाम निवडलेला आहे, कारण माणसाचा कान साधारण २०,००० पर्यंतच ऐकतो. तीन पिनांचा पंखा मदरबोर्डवरच्या चार पिनांच्या हेडरवरही (पंखा जोडायच्या पिनांवरही) बसतो, पण मग बायॉसमध्ये डीसी मोड निवडावा, नाहीतर तो अखंड पूर्ण वेगाने घोंघावतो.

मदरबोर्डच्या एका हेडरवर सहसा एक अँपिअर, म्हणजे १२ वॅट मिळतात. पंख्याच्या लेबलवर ०.२ अँपिअर लिहिलं असेल, तर स्प्लिटरवर तीन पंखे खुशाल चालतील. सुरू होताना मोटार जास्त करंट ओढते, तेव्हा हेडर काठोकाठ भरू नये. तो जळला तर दुरुस्ती मदरबोर्डवर येते. चांगल्या स्प्लिटरमध्ये वेगाची वायर एकाच पंख्याची जोडलेली असते, कारण दोघांचे ठोके मिसळले की आकडा निरर्थक होतो. पंखे याहून जास्त असतील तर हब घ्यावा: वीज एसएमपीएसच्या साटा वायरीतून, हुकूम मदरबोर्डकडून.

एसएमपीएसच्या जुन्या मोलेक्स जोडणीवर पिवळी वायर १२ व्होल्टची, लाल ५ची, दोन काळ्या ग्राउंडच्या. पिवळ्या-काळ्यावर पंखा सतत पूर्ण वेगाने फिरतो. पिवळ्या-लालवर जोडून सात व्होल्ट मिळवण्याची जुनी क्लृप्ती मी कुणालाही सुचवणार नाही. पंखा शॉर्ट झाला तर १२ व्होल्ट थेट ५च्या लाइनवर येतात.

साफसफाई करताना मशीन बंद करून प्लग काढावा आणि ब्लोअर मारण्याआधी पातं बोटाने धरून ठेवावं. मोकळा पंखा त्या झोताने मर्यादेबाहेर फिरतो, त्याचं बेअरिंग झिजतं, आणि फिरती मोटार उलटी वीज हेडरकडे पाठवू शकते.