बर्फाची पेटी

ग्रीन कॉरिडॉरच्या बातमीत आपल्याला सायरन ऐकू येतो, मोकळा केलेला रस्ता दिसतो, वाहनं थोपवणारे पोलीस दिसतात. रुग्णवाहिकेत कुणाच्या तरी पायाशी ठेवलेली पेटी मात्र दिसत नाही. दिसली तरी कुणी वळून पाहणार नाही इतकी ती साधी असते: जाड भिंतींचा, बर्फाने भरलेला डबा. त्यात निर्जंतुक पिशव्या, एकीच्या आत दुसरी, दुसरीच्या आत तिसरी. सगळ्यात आतल्या पिशवीत गार द्रावणात बुडालेलं मूत्रपिंड किंवा यकृत. बर्फाचा थेट स्पर्श त्याला होऊ द्यायचा नाही, कारण आतलं पाणी गोठलं तर त्याचे स्फटिक पेशी फाडून टाकतात. तापमान ठेवायचं चार अंशांच्या आसपास. एवढ्यावर हृदयाला साधारण चार तासांची मुदत मिळते, यकृताला दहा-बारा, मूत्रपिंडाला चोवीस किंवा थोडी जास्त.

गारठ्यात पेशीची भूक मंदावते, पण पेशी स्वस्थ राहत नाही. तिच्या आवरणावर सोडियम बाहेर फेकणारे पंप असतात, ते थंडीत जवळजवळ बंद पडतात. सोडियम आत शिरतं, पाठोपाठ पाणी, आणि पेशी फुगत जाते. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठात फोल्कर्ट बेल्झर आणि जेम्स साउथर्ड यांनी १९८०च्या दशकात यावर द्रावण तयार केलं. पेशीत सहज शिरू न शकणारे लॅक्टोबायोनेट आणि रॅफिनोजचे रेणू त्यात घातले. ते पाण्याला बाहेरच धरून ठेवतात. रॅफिनोज म्हणजे आपल्या कडधान्यांत असते तीच साखर. उसळ खाताना मला आता हे आठवतं आणि दर वेळी नवल वाटतं. पेशीच्या आत असतं तसं भरपूर पोटॅशियमही या द्रावणात आहे. म्हणून यकृत जोडून रक्त सोडण्याआधी ते धुऊन घ्यावं लागतं, नाहीतर तेच पोटॅशियम घेणाऱ्याचं हृदय थांबवू शकतं. या द्रावणाआधी यकृताचं प्रत्यारोपण म्हणजे अपरात्रीची धावपळ असे. नंतर दूरच्या गावचं यकृतही पोहोचू लागलं. पण मुदत वाढली म्हणून ती सोयीसाठी वापरायची नसते. बर्फातला प्रत्येक तास अवयवाला थोडं थोडं दुखावतोच.

खरं जतन पेटीच्या कितीतरी आधी, अतिदक्षता विभागात सुरू होतं. मेंदू मृत झाला की रक्तदाब कोसळतो, शरीर स्वतःची ऊब राखू शकत नाही, अनेकदा लघवीवाटे पाणी भराभर निघून जातं. परिचारिका पांघरूण घालतात, सलाइन बदलतात, दर तासाला लघवी मोजतात, औषधांनी रक्तदाब सावरून धरतात. कालपर्यंत हे सगळं त्या रुग्णासाठी होतं. आज तेच हात, तीच काळजी दुसऱ्या कुणासाठी आहे. पलंगाशी उभ्या आईला लेकाचा हात कोमट लागतो, पडद्यावर ठोके दिसतात. तिला ‘तो गेला’ हे समजावायचं आणि मग अवयवदानाबद्दल विचारायचं, यापेक्षा अवघड संभाषण मला माहीत नाही. म्हणूनच मृत्यू ठरवणारे आणि अवयव बसवणारे डॉक्टर वेगळे असलेच पाहिजेत, यात तडजोड नको. मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी फेब्रुवारी १९६८मध्ये हृदय प्रत्यारोपण केलं तेव्हा मेंदूमृत्यूला आपल्याकडे कायद्याचा आधार नव्हता. तो १९९४च्या कायद्याने आला: चार डॉक्टर, दोनदा तपासणी, मध्ये किमान सहा तास. ते सहा तास घाईत असलेल्याला नकोसे वाटतात; त्या आईच्या विश्वासासाठी मात्र ते मोलाचे आहेत.

बर्फाला आता पर्यायही आहेत. मूत्रपिंडातून गार द्रावण सतत फिरवणारं यंत्र बेल्झर यांनीच १९६७मध्ये वापरलं होतं. ते बर्फापेक्षा खरंच चांगलं का, हे ठरवणारी युरोपातली चाचणी २००९ साली प्रसिद्ध झाली. ३३६ मृत दात्यांच्या जोडीतलं एक मूत्रपिंड बर्फात, दुसरं यंत्रावर. दाता एकच, म्हणून तुलना चोख. यंत्रावरची मूत्रपिंडं नव्या शरीरात लवकर कामाला लागली. ऑक्सफर्डला घडलेलं दुसरं यंत्र यकृताला गारठवतच नाही. ३७ अंशांवर, रक्त आणि ऑक्सिजन देत ते यकृताला चालू ठेवतं. नळीतून पित्त उतरताना दिसतं. २०१८मध्ये प्रसिद्ध झालेल्या २२० प्रत्यारोपणांच्या अभ्यासात टाकून द्याव्या लागलेल्या यकृतांचं प्रमाण बर्फाच्या तुलनेत निम्मं होतं. हे निम्मं मला फार मोठं वाटतं. टाकलेल्या प्रत्येक यकृतामागे कुणीतरी दुःखात असताना दिलेला होकार असतो.

आपल्याकडे बहुतेक प्रवास अजून बर्फाच्या पेटीतूनच होतो. मुंबई, पुणे, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथल्या विभागीय समन्वय समित्यांच्या यादीनुसार अवयव कुणाला जाणार ते ठरतं, आणि पेटी निघते. मागे शस्त्रक्रियागृहात दिवे चालूच असतात. तिथे एक सर्जन अजून वाकून टाके घालत असतो, सावकाश, नीट, जिवंत रुग्णाला घालावेत तसे. बाहेर घरचे थांबलेले असतात. त्यांच्या हाती तो माणूस नेटका, पुसून, कपडे घालून द्यायचा असतो.