सांगाडा स्वस्त, हात महाग: परवडणाऱ्या डबल बेसचा सव्वाशे वर्षांचा मागोवा

डबल बेस घ्यायला निघालेल्या माणसाला पहिला धक्का किमतीचा बसतो. शिकाऊ व्हायोलिन काही हजार रुपयांत येतं. त्याच कुळातलं हे अजस्र वाद्य मात्र वाजवण्याजोगं हवं असेल तर लाखाच्या पुढचा आकडा ऐकावा लागतो. कारणं उघड आहेत. लाकूड कितीतरी जास्त लागतं, तारांचा ताण मोठा, वाहतूक अवघड आणि खप अगदी थोडा. तरीही गेल्या सव्वाशे वर्षांत बेताच्या ऐपतीच्या वादकासाठी निदान तीनदा वाट मोकळी झाली: आधी सॅक्सनी-बोहेमियातल्या घरगुती कारखानदारीनं, मग शिकागोच्या प्लायवूडनं आणि अलीकडे चीन-रुमानियातल्या कारखान्यांनी. या तिन्ही वेळांचा हिशेब शेजारी शेजारी मांडला की एक गोष्ट ठळकपणे दिसते. दर वेळी स्वस्त झाला तो वाद्याचा सांगाडा. तो वाजता करण्यासाठी लागणारे जाणत्या कारागिराचे तास मात्र कधीच स्वस्त झाले नाहीत. हे ज्याला उमगलं त्याला थोडक्या पैशांत चांगलं वाद्य मिळालं. ज्यानं सगळी पुंजी सांगाड्यावर घातली, त्याच्या घरात एक भलंमोठं फर्निचर आलं.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सॅक्सनीतलं मार्कनॉयकिर्शेन आणि सरहद्दीपलीकडचं बोहेमियातलं शोनबाख, म्हणजे आजच्या चेक प्रजासत्ताकातलं लुबी, ही गावं आणि त्यांचा परिसर जगाला तंतुवाद्यं पुरवत होता. मार्कनॉयकिर्शेनमध्ये व्हायोलिन घडवणाऱ्यांचा संघ १६७७ पासून होता. पण या भागाचा खरा जोर होता कामाच्या वाटणीत. कुणी घरी बसून नुसत्या माना कोरायचा, कुणी पाठी, कुणी खुंट्या. व्यापारी हे सुटे भाग गोळा करून वाद्य उभं करायचा आणि परदेशी धाडायचा. अमेरिकेकडे जाणारा माल एवढा, की १८९३ ते १९१६ या काळात त्या लहानशा गावात अमेरिकी वाणिज्यदूताची कचेरी होती. या वाटेनं आलेले डबल बेस बाजारात ‘कारखान्याचा माल’ म्हणूनच ओळखले जात. लाकूड मात्र अस्सल: पुढची फळी स्प्रूसची, पाठ आणि बाजू मेपलच्या, सगळं भरीव. इथं हातही स्वस्तच होता, मग मुद्दा कुठं राहिला, असं कुणी विचारेल. तर स्वस्त होता तो सांगाडा घडवणाऱ्याचा हात. तारा, ब्रिज (तारा पेलणारी घोडी) आणि फिंगरबोर्ड (बोटं दाबायची फळी) यांची शेवटची जुळणी विकणाऱ्या शहरातल्या कारागिराकडे, त्या शहराच्या मजुरीनं व्हायची. एकाच कारखान्यातून निघालेली दोन वाद्यं दोन दुकानांत अगदी वेगळी वाजत, त्याचं मोठं कारण हेच.

दुसरं वळण १९३७ चं. शिकागोच्या के म्युझिकल इन्स्ट्रुमेंट कंपनीनं त्या वर्षापासून प्लायवूडचे डबल बेस काढायला सुरुवात केली. भरीव फळीतून कमान कोरून काढायला कसबी माणसाचे दिवसच्या दिवस जातात. त्याऐवजी लाकडाचे पातळ थर एकमेकांना चिकटवून साच्यात दाबले, की कमानदार पाठ-पोट तयार. थरांचे धागे एकमेकांना आडवे, त्यामुळे तडा जाण्याची भीती फार कमी. शाळांचे वाद्यवृंद, नाचगाण्याचे बँड, मोटारीच्या टपावर वाद्य बांधून गावोगाव फिरणारे वादक अशा सगळ्यांना हेच हवं होतं. एल्विस प्रेस्लीच्या सुरुवातीच्या काळात त्याच्यामागे उभा राहून बिल ब्लॅक वाजवायचा तो के कंपनीचाच डबल बेस. पुढे तो पॉल मॅकार्टनीकडे गेला. रॉक अँड रोलची ती ठेक्याची थाप प्लायवूडमधून निघाली आहे, हे आज कुणी नाकारत नाही.

तरी प्लायवूडवरचा जुना आक्षेप कायम आहे: ते दणकट असेल, पण त्यात नाद नाही. आक्षेप निम्मा खरा आहे, आणि तो निम्मा कुठला हे पाहण्यासारखं आहे. सर्वांत खालची ई तार सेकंदाला सुमारे ४१ वेळा कंप पावते. डबल बेसच्या पोटातली हवा मात्र सर्वांत जोरात साथ देते ती साधारण ६० च्या आसपास. म्हणजे अगदी खालच्या स्वरांचा मूळ पाया पेटीतून फारसा बाहेर पडतच नाही. वरच्या पटींतल्या कंपनांवरून आपला कान तो स्वतः रचून घेतो. हे महागड्या कोरीव वाद्यालाही लागू आहे. याचा अर्थ वाद्याची प्रत ठरते ती मुख्यतः या वरच्या कंपनांत, आणि थरांमधला गोंद नेमकी तीच थोडी गिळतो. गजानं वाजवताना हे चटकन कळतं. स्वर उशिरा उघडतो, त्याचे रंग कमी पडतात. बोटांनी छेडताना, त्यातही माइक किंवा पिकअप लावलेला असताना, हा फरक पुष्कळ बुजतो. तेव्हा सिंफनी वाद्यवृंदात जागा मिळवू पाहणाऱ्यानं प्लायवूडवर थांबू नये, हे मान्य. जाझ, चित्रपटगीतं, लोकसंगीत वाजवणाऱ्यानं आणि शिकाऊ माणसानं मात्र त्या आक्षेपाला घाबरायचं कारण नाही. वाईट जुळणीचं भरीव वाद्य नीट जुळवलेल्या प्लायवूडपुढे हरतं, कारण बोट दाबायलाच जोर लागत असेल तर नादातली बारकाई काढायला हातात ताकदच उरत नाही.

दुसऱ्या महायुद्धानं जुनी व्यवस्था मोडली. शोनबाखमधल्या जर्मन कारागिरांना गाव सोडावं लागलं आणि त्यांतले बरेच बव्हेरियात एर्लांगेनजवळच्या बुबेनरॉइटला जाऊन वसले. तिकडे अमेरिकेत १९५१ साली लिओ फेंडरची प्रिसिजन बेस ही विजेवरची बेस गिटार आली आणि बँडवाल्यांना डबल बेस वाहून नेण्याची गरज उरली नाही. १९६० चं दशक सरता सरता के कंपनी बुडाली. तिचे साचे एंगेलहार्टकडे गेले आणि त्यांतून त्याच घडणीची वाद्यं पुढेही निघत राहिली. पण बेताच्या बजेटच्या दृष्टीनं याच काळातला याहून महत्त्वाचा बदल तारांचा आहे. तोवर आतड्याच्या तारा चालत. त्या लवचीक असतात, मोठ्या आवाजासाठी बोर्डापासून चांगल्या उंच ठेवाव्या लागतात. व्हिएन्नाच्या थॉमास्टिक कंपनीच्या स्पायरोकोरसारख्या पोलादी तारा रुळल्या, आवाज वाढवायला अॅम्प्लिफायर आले, आणि तारा खाली उतरवणं शक्य झालं. हात हलका झाला, पण तारा खाली आल्या की फिंगरबोर्डावरचा केसाएवढा उंचवटाही खरखर करतो. उंच तारांमध्ये जे दोष झाकले जायचे ते उघडे पडले. वाद्य वाजवायला सोपं झालं, ते जुळवणं अवघड झालं, आणि एकूण खर्चात कारागिराच्या तासांचा वाटा कमी होण्याऐवजी वाढला.

तिसरी लाट १९९० नंतरची. रुमानियातल्या रेगिनमध्ये होरा हा वाद्यांचा कारखाना १९५१ पासूनच होता. साम्यवादी राजवट गेल्यावर त्याच गावात ग्लिगासारखे खासगी कारखाने उभे राहिले. १९९२ साली बोस्टनमध्ये सुरू झालेल्या ईस्टमननं बीजिंगमध्ये कार्यशाळा काढली. चीनमधूनच सॅम्युएल शेनचे डबल बेस अमेरिकेत पोचू लागले. या पिढीची खरी देणगी आहे ‘हायब्रिड’: पुढची फळी भरीव आणि कोरीव, पाठ आणि बाजू प्लायवूडच्या. नाद घडवण्यात सर्वांत मोठा वाटा पुढच्या फळीचा. पाठ आणि बाजू हवामानाला तोंड देणाऱ्या असल्या तर वाद्य टिकतं. पैसा जिथं कानाला कळतो तिथं घालायचा आणि बाकी ठिकाणी वाचवायचा, हे गणित यापूर्वी इतक्या सरळपणे बाजारात आलं नव्हतं. अमेरिकेत बऱ्यापैकी प्लायवूडचा बेस कमी दामात आणि हायब्रिड त्याहून काहीशा जास्त दामात मिळतो. त्यांहून कितीतरी स्वस्तातलेही आहेत, आणि फसगत होते ती तिथंच.

स्वस्तातलं वाद्य खोक्यातून बाहेर काढलं की त्याची काय अवस्था असते ते जवळून पाहावं. ब्रिजचे पाय पोटाच्या कमानीवर नीट टेकलेले नसतात. खाली कागद सरकवला तर एका कोपऱ्यातून आत जातो. आतला साउंडपोस्ट, म्हणजे पोट आणि पाठ यांच्यामध्ये नुसत्या दाबानं उभी राहणारी स्प्रूसची कांडी, तिरपी किंवा आखूड असते. फिंगरबोर्ड साध्या लाकडाला काळा रंग देऊन एबनीसारखा भासवलेला असतो आणि मधेच फुगलेला असतो. माथ्याकडच्या खाचा उथळ, त्यामुळे पहिल्याच स्वरावर बोट दुखतं. पोलादी तारांसाठी बोर्डाच्या टोकाशी ‘जी’ तारेची उंची सुमारे सहा मिलिमीटर आणि ‘ई’ तारेची दहाच्या आसपास असावी; इथं ती दीडपट असते. हे सगळं दुरुस्त होतं. बोर्ड रंधून त्याला किंचित खोलगटपणा द्यायचा, ब्रिजचे पाय घासून बसवायचे, त्यात उंची कमी-जास्त करणारी चाकं घालायची, कांडी नव्यानं कापायची. मिरजेचा तंबोरा घेणाऱ्याला हे समजावून सांगावं लागत नाही: भोपळा कितीही देखणा असो, जवारी निघाल्याशिवाय तो बोलत नाही, आणि जवारी काढणाऱ्याचे पैसे भोपळ्याच्या किमतीत धरलेले नसतात. डबल बेसच्या बाबतीत या कामाला, सोबत तारांचा संच धरून, वाद्याच्या किमतीच्या पाव हिश्शापर्यंत खर्च येतो. खोक्यावरच्या किमतीत तो न धरणारा गिऱ्हाईक स्वस्त वाद्य घेत नाही, अर्धवट वाद्य घेतो.

दुसरा आक्षेप जाणकारांकडून येतो. त्याच पैशांत शंभर वर्षांचा जुना जर्मन भरीव बेस मिळत असेल तर नवा हायब्रिड कशाला? मिळत असेल आणि धडधाकट असेल तर जरूर घ्यावा. पण जुन्या वाद्याची किंमत दोन गोष्टींवर चढते, वयावर आणि घडवणाऱ्याचं नाव सांगणाऱ्या आतल्या चिठ्ठीवर, आणि दोन्ही नादाची हमी देत नाहीत. जगातल्या सर्वांत गाजलेल्या डबल बेसचंच उदाहरण पाहा. वाद्यवृंद-संचालक आणि डबल बेसवादक सर्ज कूसेवित्स्की यांचं वाद्य त्यांच्या पत्नीनं १९६० च्या दशकात डबल बेसवादक गॅरी कार यांना दिलं. ते अमाती या वाद्यकारांच्या घराण्याचं, १६११ चं मानलं जायचं. पुढे त्याच्या लाकडाच्या वार्षिक वलयांचा अभ्यास झाला, तेव्हा सर्वांत अलीकडचं वलय १७६१ चं निघालं. वाद्याचा नाद त्यानं बदलला नाही, पण चिठ्ठीची किंमत काय हे कळलं. बेताच्या खरेदीदाराला चिठ्ठीपेक्षा बाकीच्या गोष्टी पाहायच्या असतात: मान जिथं पेटीला मिळते तो सांधा हललेला आहे का, साउंडपोस्टच्या वरच्या बाजूला फळीला चीर आहे का, कडेनं बोटाच्या पेरानं ठोकत गेल्यावर कुठं पोकळ खडखड येते का. शेवटची गोष्ट गंभीर नसते. सरसानं चिकटवलेले सांधे मुद्दामच फळीपेक्षा कच्चे ठेवतात, म्हणजे ताण आला तर सांधा उकलावा, फळी फुटू नये. पहिल्या दोन मात्र अशा आहेत की दुरुस्तीचा खर्च वाद्याच्या किमतीच्या वर जाऊ शकतो. जुन्या वाद्यातही, म्हणजे, हिशेब शेवटी कारागिराच्या तासांवरच येतो.

आपल्याकडे हा हिशेब आणखी कडक होतो. मुंबईच्या चित्रपटसंगीतातल्या वाद्यवृंदांत पाश्चात्त्य वाद्यांची बाजू मोठ्या प्रमाणात गोव्याच्या वादकांनी सांभाळली आणि डबल बेस त्यात होताच. २००६ पासून मुंबईत सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया आहे. पण वाद्य बोटीनं येतं, आणि डबल बेसची जुळणी करणारे जाणते हात फार थोडे. यावर कुणी म्हणेल, कारागीरच नसेल तर त्याच्यासाठी पैसे राखून करायचं काय? उलट, म्हणूनच राखायचे. जो विक्रेता वाद्य जुळवून, तपासून मगच पाठवतो त्याला जास्त दाम द्यावा, कारण तो आपल्याला सांगाड्यासोबत ते तासही विकतो. प्रवासात ब्रिज आडवा ठेवावा लागतो, कांडी पडू शकते, तेव्हा उतरल्यावर निदान एका जाणत्याची फेरी धरायलाच हवी. आणि कोकणपट्टीच्या हवेत भरीव फळी पावसाळ्यात फुगून तारा वर उचलते, वातानुकूलित खोलीत आक्रसून त्या खाली आणते. तिथं प्लायवूड किंवा हायब्रिड घ्यावं आणि ब्रिजला चाकं असावीत, म्हणजे ऋतू पालटला की उंची वादकाला स्वतःच सांभाळता येते.

तेव्हा सव्वाशे वर्षांतून निघणारा नियम खरेदीचा क्रम उलटा करण्याचा आहे. दुकानात शिरताना हातातल्या रकमेतून आधी जुळणी, तारा, गज आणि खोळ यांचे पैसे वजा करावेत. उरेल त्यात जो सांगाडा बसेल तो घ्यावा. भरीव बसला तर भरीव, नाही तर हायब्रिड, तोही नाही तर प्लायवूड. प्लायवूडही बसत नसेल तर सर्वांत स्वस्त खोक्याकडे वळण्यापेक्षा चांगलं वाद्य भाड्यानं घेऊन थांबावं. सांगाडे स्वस्त करण्याच्या युक्त्या कारखानदार यापुढेही काढत राहतील आणि त्यांचा फायदा जरूर घ्यावा. पण त्यातून वाचलेला पैसा आणखी देखण्या सांगाड्यावर घालायचा की जुळवणाऱ्या हातावर, हा प्रश्न गिऱ्हाइकापुढे राहीलच, आणि आजवरचा अनुभव एकाच बाजूला झुकतो: हातावर.