दुसरा पडदा कशासाठी?

आधार केंद्रात आपण सारेच गेलो आहोत. केंद्र धाराशिवचे असो की कळंब-तुळजापूरचे, ऑपरेटरच्या पडद्याखेरीज आपल्याकडे तोंड करून दुसरा पडदा हवा, असा नियम आहे. नाव, पत्ता बरोबर लिहिला जातोय ना, हे आपणच पाहावे म्हणून. आधारमधले नाव सर्वसाधारणपणे दोनदाच आणि जन्मतारीख एकदाच बदलता येते. तेव्हा या पडद्याचे मोल ओळखा.

अशी सोय दुकानात, शाळेत लिनक्सच्या संगणकावरही करता येते. लिनक्स ही लायनस टोरवाल्ड्स यांनी १९९१ मध्ये सुरू केलेली, फुकट वापरता येणारी प्रणाली.

आधी ठरवायचे, की दोन्ही पडद्यांवर एकच चित्र हवे की वेगवेगळे? गिऱ्हाइकाला बिल दाखवायचे तर एकच चित्र पुरे; त्याला 'मिरर' म्हणतात. गुरुजींना मात्र प्रोजेक्टरवर धडा आणि आपल्यापुढे टिपणे हवी असतात. तिथे पडदे जोडून घ्यावे लागतात.

जोडलेले पडदे म्हणजे शेजारची दोन शेते समजा. १९२० बाय १०८० ठिपक्यांचे दोन पडदे शेजारी मांडले, की ३८४० बाय १०८० चे एक शिवार होते. माऊसचा बाण बांध ओलांडून पलीकडे जातो. पण जिथे बांधाला बांध लागून असेल तिथूनच. दुसरा पडदा टेबलावर डावीकडे आणि संगणकाच्या नकाशात उजवीकडे असला, तर बाण डाव्या काठाला अडतो. मग लोक वायर बदलत बसतात. दोष वायरचा नसतो, नकाशाचा असतो.

सेटिंग्जमध्ये 'डिस्प्ले' उघडा. पडद्यांचे चौकोन दिसतील. ते माऊसने ओढून टेबलावर आहेत तसे मांडा, मुख्य पडदा निवडा आणि 'अप्लाय' करा. मांडणी कायम ठेवायची का, असे संगणक विचारतो. उत्तर दिले नाही, तर काही सेकंदांत सारे पूर्ववत होते. त्यामुळे घाबरायचे कारण नाही. जाणकार 'एक्सरँडर' ही आज्ञा वापरतात. पण ती मांडणी लॉगआऊटनंतर टिकत नाही आणि 'वेलँड'वरच्या नव्या डेस्कटॉपवर सेटिंग्जचाच मार्ग धरावा लागतो.

एक पथ्य मात्र पाळा. गिऱ्हाइकाकडच्या पडद्यावर आधीच्या माणसाची कागदपत्रे उघडी ठेवू नका. आणि आधार केंद्रात जाताना चष्मा विसरू नका. तो दुसरा पडदा आपल्यासाठीच आहे. संकोच न करता वाचा.